धानाच्या बांधीतली तपकिरी फुलपाखरं : नाव कसं लावायचं आणि कुठे थांबायचं

प्रश्न : मी साकोली तालुक्यातल्या एका गावात शिक्षक आहे. सप्टेंबरात धानाच्या बांधीत आणि धुऱ्यावर लहान तपकिरी फुलपाखरं भरपूर दिसतात. मोबाईलवर काढलेला एकच फोटो तिघा जाणकारांना पाठवला. एकानं राइस स्विफ्ट सांगितलं, दुसऱ्यानं स्मॉल ब्रँडेड स्विफ्ट, तिसऱ्यानं स्ट्रेट स्विफ्ट. पुस्तकं उघडली तर गोंधळ आणखी वाढला. एकात यांचं चपळ कुळ, म्हणजे इंग्रजीतले स्किपर, फुलपाखरांपासून वेगळं काढलेलं, दुसऱ्यात आतच घेतलेलं, उपकुळांची संख्याही निरनिराळी. यांचं वर्गीकरण नेमकं कशावर होतं? जीव न मारता अभ्यास होतो का? शाळेतल्या मुलांना घेऊन काय करता येईल?

उत्तर :

गुरुजी, तुमच्या फोटोवरून तिघांपैकी कोण बरोबर हे मीही सांगणार नाही. फुलपाखरू बाजूनं टिपलंय, पुढचा पंख मागच्याखाली अर्धा झाकलाय, मिशीचं टोक धानाच्या पातीमागे गेलंय. या गटात नाव ठरवायला जे पाहावं लागतं ते सगळंच नेमकं झाकलेलं आहे. तिघांनी तरीही छातीठोकपणे नाव दिलं, हा त्यांचा उत्साह. असा फोटो आला की मी वहीत ‘बाओरिनी गट, प्रजाती अनिश्चित’ एवढंच लिहितो आणि पुढे जातो. बाओरिनी हा तुमच्या तिन्ही नावांचा समाईक गट. प्रजाती म्हणजे इंग्रजीतलं जीनस, तिच्या पोटात जाती येतात. चपळ कुळाच्या अभ्यासात ज्याला असं लिहिता येतं त्याचीच वही दहा वर्षांनी कामाला येते.

आधी कुळाची ओळख. चपळ कुळातल्या फुलपाखराचं डोकं रुंद असतं आणि दोन्ही मिशा एकमेकींपासून लांब उगवतात. बहुतेकांत मिशीच्या गाठीपुढे बारीक आकडा वळलेला असतो. छाती जाड, पंख त्या मानानं लहान, म्हणून उडणं झटक्याझटक्याचं. पण खरी खूण शिरांत आहे. पुढच्या पंखाच्या मधोमध शिरांनी वेढलेली एक बंद जागा असते, तिला सेल म्हणतात. चपळ कुळात पुढच्या पंखाच्या शिरा या सेलमधून एकेकट्या निघून थेट कडेला जातात, वाटेत त्यांना फाटे फुटत नाहीत. इतर फुलपाखरांत एखाद-दुसरी शीर तरी वाटेत दुभंगते. भिंगाखाली झडलेला पंख धरला तर आठवीतल्या मुलालाही हे दिसतं.

आकड्याच्या खुणेवर मात्र डोळे झाकून भरवसा ठेवू नका. तुमच्या शाळेच्या मैदानातल्या गवतावर कॉमन ग्रास डार्ट, म्हणजे टॅराक्ट्रोसेरा मेव्हियस, नक्की असेल. नखाएवढं फुलपाखरू, पंखाखाली फिकट ठिपके. त्याच्या मिशीला आकडा नसतो. गाठ चपटी आणि खालून पोकळ, चमच्यासारखी. या प्रजातीची ओळखच त्यावरून होते. आकडा नाही म्हणून कुळातून बाहेर काढायला निघालात तर आपल्या भागातलं एक अगदी नेहमीचं फुलपाखरू हातचं जाईल.

आता आत की बाहेर याबद्दल. लात्रेय यांनी १८०९ मध्ये हे कुळ मांडलं. पुढे बराच काळ जाड शरीर आणि विचित्र मिशांमुळे त्याला स्वतंत्र अधिकुळ देऊन बाकीच्या फुलपाखरांशेजारी बसवत. तुमच्याकडचं जुनं पुस्तक तेच सांगतंय आणि त्या काळच्या पुराव्यावर ते चूक नव्हतं. डीएनएवर आधारलेल्या वंशवृक्षांनी चित्र बदललं. स्वॅलोटेलचं पापिलिओनिडे कुळ आधी फुटून निघालं आणि चपळ कुळ उरलेल्या फुलपाखरांच्या आतच बसतं, असं २०१२ पासूनच्या बहुतेक मोठ्या अभ्यासांत दिसतं. त्याचे सर्वांत जवळचे नातेवाईक म्हणजे हेडिलिडे, अमेरिकेतल्या उष्ण प्रदेशातली, पतंगासारखी दिसणारी फुलपाखरं. त्यामुळे वेगळं अधिकुळ आता कोणी ठेवत नाही. २०२३ मध्ये अकिटो कावाहारा आणि सहकाऱ्यांनी जवळपास २३०० जातींची ३९१ जनुकं वापरून फुलपाखरांचा जो वंशवृक्ष मांडला, त्यात फुलपाखरांचा उगम सुमारे १० कोटी वर्षांपूर्वी अमेरिका खंडात झाला असावा आणि सुरुवातीच्या अळ्या शेंगावर्गीय झाडांवर वाढत असाव्यात, असं निघालं.

जगात या कुळाच्या साडेतीन ते चार हजार जाती धरतात. त्यातल्या निम्म्याहून जास्त अमेरिकेच्या उष्ण प्रदेशात आहेत. भारतात तीनशेच्या वर. ऑस्ट्रेलियात रीजंट स्किपर नावाची एक जात आहे. तिच्या नराच्या मागच्या पंखाला, दोन्ही पंख जोडून ठेवणारा काटा असतो. ही रचना एरवी पतंगांत दिसते. तिला म्हणून वेगळं उपकुळच दिलंय. ऑस्ट्रेलियातल्याच ट्रॅपेझिटिने या आणखी एका उपकुळाशीही तुमचं काम पडणार नाही. विदर्भात काम करणाऱ्यानं तीन तऱ्हा नीट ओळखल्या तरी पुष्कळ झालं.

पहिली तऱ्हा कोएलियाडिने, म्हणजे ऑल आणि ऑलेट. यांना शोधायला जंगलात जायची गरज नाही, शाळेसमोरचा करंज पुरे. कॉमन बँडेड ऑल, हसोरा क्रोमस, याची अळी करंजावर वाढते. उन्हाळ्याच्या तोंडी करंजाला कोवळी तांबूस पालवी फुटली की मादी शेंड्यांभोवती घिरट्या घालताना दिसते, आणि पंधरवड्यात पानं जाळ्यानं जोडलेली, कडेनं खाल्लेली दिसू लागतात. फुलपाखरू तिन्हीसांजेला आणि भल्या पहाटे चपळ, एरवी पानाच्या खालच्या अंगाला उलटं टेकलेलं. मागच्या पंखाखाली पांढरा पट्टा असतो. भिंग असेल तर तोंडाकडे पाहा. डोक्यापुढे दोन बारीक सुया रोखल्यासारख्या दिसतात. त्या ओठांजवळच्या स्पर्शिकांचे शेवटचे पेर. ते असं लांब, सडपातळ आणि पुढे आलेलं असणं हीच या उपकुळाची पक्की खूण. दुसरं, ब्राउन ऑल, बदामिया एक्स्क्लमेशनिस, बेहड्यावर. पंख अरुंद आणि लांब, मोठ्या अंतराचं स्थलांतर करणारं. बेहड्याची नवी पालवी पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या अळ्यांनी साफ केलेली दिसली तर आधी याचाच संशय घ्या.

दुसरी तऱ्हा पंख पसरून बसणाऱ्यांची. गोल्डन अँगल, म्हणजे कॅप्रोना रॅन्सोनेटी, हे मुरुडशेंगीवर वाढतं. पावसाळी आणि कोरड्या ऋतूतली त्याची रूपं इतकी वेगळी की नवखा दोन जाती मोजून मोकळा होतो. करांद्याच्या वेलाच्या पानाची कड कापून दुमडलेली दिसली तर तिथे टॅगियाडीस, स्नो फ्लॅट, असण्याची शक्यता फार. कोरांटीच्या जाळीत सारंगेसा. आणि चिकण्यावर इंडियन स्किपर, स्पियालिया गाल्बा, काळ्यावर पांढरे ठिपके, उडताना नजर ठरत नाही इतकं लहान. पूर्वी या सगळ्यांना पायर्गिने या एकाच उपकुळात घालत. जीनोमवरच्या अलीकडच्या कामात टॅगियाडीस, कॅप्रोना वगैरेंना टॅगियाडिने असं वेगळं उपकुळ मिळालं आणि स्पियालिया पायर्गिनेतच राहिलं. तुम्हाला पुस्तकापुस्तकात उपकुळांची संख्या वेगळी दिसते त्याचं हे कारण. फुलपाखरं तीच आहेत, त्यांच्यातली नाती नव्यानं कळताहेत.

तिसरी तऱ्हा हेस्पेरिने, गवतवाली. ही बसतात तेव्हा मागचे पंख आडवे पसरलेले आणि पुढचे अर्धवट उभे, लढाऊ विमानासारखी. अळ्या जवळपास सगळ्या एकदल वनस्पतींवर: गवत, धान, बांबू, शिंदी, हळद. गडचिरोलीच्या बांबूत लाल डोळ्यांचं कॉमन रेडआय, मटापा आरिया, झुंजुमुंजू असताना दिसतं. धानाच्या ओलसर बांधीत बुश हॉपर. गवत, बांबू असेल तिथे चेस्टनट बॉब. आणि तुमची ती तपकिरी मंडळी सगळी इथलीच, बाओरिनी नावाच्या गटातली.

हा गट भल्याभल्यांना घाम फोडतो. तिघांनी सांगितलेली तिन्ही नावं धानाच्या बांधीत एकाच दिवशी भेटू शकतात, हे आधी लक्षात घ्या. स्ट्रेट स्विफ्ट, प्रजाती पारनारा : मिशा आखूड, पुढच्या पंखाच्या वरच्या कडेच्या निम्म्याच्या आतच संपतात. मागच्या पंखावरचे पारदर्शक ठिपके बऱ्यापैकी सरळ ओळीत. स्मॉल ब्रँडेड स्विफ्ट, पेलोपिडास मॅथियास : नराच्या पुढच्या पंखावर वरच्या बाजूनं राखाडी, तिरकी, केसासारखी बारीक रेघ असते. हे गंधाचे खवले, इंग्रजी नावातला ‘ब्रँड’ तो हाच. शिवाय मागच्या पंखाखाली, मुळाकडे, सेलमध्ये एक एकटा फिकट ठिपका. राइस स्विफ्ट, बोर्बो सिनारा : नराला रेघ नाही, मागच्या पंखाखाली सेलमधला तो ठिपका नाही, पुढच्या पंखाच्या खालच्या कडेजवळ एक पिवळसर अपारदर्शक ठिपका.

वाचताना सोपं वाटलं असेल. घोळ मादीपाशी आहे. मॅथियासच्या मादीत गंधरेघ नसते, तिच्या जागी ठिपके येतात आणि मग वरून पाहिलं तर ती थेट राइस स्विफ्टसारखी. अशा वेळी मागच्या पंखाखालचा सेलमधला ठिपका पाहिल्याशिवाय नाव उच्चारू नये. त्याउपर मॅथियासला आग्ना नावाची सख्खी बहीण आहे. दोघींतला फरक सांगायचा तर नराच्या पुढच्या पंखावर सेलमध्ये दोन ठिपके असतात, त्यांना जोडणारी रेषा मनातल्या मनात खाली वाढवायची. मॅथियासमध्ये ती गंधरेघेला छेदून जाते, आग्नात तशी छेदत नाही. यासाठी फुलपाखरानं पुढचे पंख उघडून बसायला हवं आणि तुम्ही त्याच्या बरोबर वरून फोटो घ्यायला हवा. सकाळी आठच्या आत, दव वाळत असताना, ते ऊन खायला तसं बसतं. दुपारी बसत नाही.

माझ्या मते एका फुलपाखराचे चार फोटो हे चार फुलपाखरांच्या एकेका फोटोपेक्षा मोलाचे. वरून एक, दोन्ही पंखांची खालची बाजू दाखवणारा एक, मिशी पूर्ण दिसणारा एक, आणि ज्यावर बसलंय त्या झाडाचा एक. मोबाईलवरची ओळख सांगणारी ॲप्स मोरमॉन, टायगर अशा ठळक फुलपाखरांसाठी चांगली. बाओरिनीत ती सरळ अंदाज ठोकतात आणि तो अंदाज कोणीतरी ‘नोंद’ म्हणून पुढे चालवतं.

पंखावरच्या ठिपक्यांवर एवढा अविश्वास का, असं वाटेल. त्याला आधार आहे. २०१९ मध्ये अमेरिकेत निक ग्रिशिन यांच्या गटानं सुमारे २५० स्किपर जातींचे जीनोम वाचून वंशवृक्ष बांधला. हुबेहूब एकसारखे पंख असलेल्या जाती वेगवेगळ्या फांद्यांवर निघाल्या, आणि अगदी वेगळ्या दिसणाऱ्या जाती शेजारी. एकाच प्रदेशात राहणारी फुलपाखरं एकमेकांसारखी दिसू लागतात, हे या कुळात वारंवार घडलंय. त्या कामानंतर प्रजातींची नावं भराभर बदलली. आपल्याकडच्या बाओरिनीतही असंच झालं. पोलिट्रेमिस या प्रजातीत जे कोंबलं होतं त्यातलं बरंच काही एकमेकांचं नव्हतं, म्हणून तिची फोड करावी लागली.

पण डीएनएच्या आधी सगळं अंधारात होतं असंही नाही. ब्रिगेडियर विल्यम हॅरी इव्हान्स हा ब्रिटिश फौजेतला अधिकारी. हिंदुस्थानातली नोकरी संपल्यावर तो लंडनच्या संग्रहालयात जाऊन बसला आणि जगातल्या स्किपरच्या याद्या एकामागून एक तयार केल्या. आफ्रिकेची १९३७ मध्ये, युरोप-आशिया-ऑस्ट्रेलियाची १९४९ मध्ये, अमेरिकेची १९५१ ते १९५५ या काळात. त्याचा भर नराच्या जननांगांवर होता. पंख फसवतो, पण नर-मादी जुळण्याचे हे कठीण अवयव जातीजातीत ठाम वेगळे असतात, असा त्याचा हिशेब. इव्हान्सनं केलेले गट आज डीएनएवर तपासले तर काही मोडले, पण बरेच टिकले. पारनारा गंगा ही जात त्यानंच १९३७ मध्ये वेगळी दाखवली. पुढे चिबा आणि इलियट यांनी १९९१ मध्ये पूर्ण पारनारा प्रजाती पुन्हा तपासली. मला इव्हान्सबद्दल आदर आहे, आणि जाती ओळखायच्या त्याच्या किल्ल्या, म्हणजे ‘कीज’, आजही टेबलावर असतात. त्याची भाषा मात्र तारेसारखी तुटक आहे, पहिल्यांदा वाचणाऱ्याचं डोकं धरतं.

इथेच तुमचा दुसरा प्रश्न येतो: मारावं लागतं का? प्रजातीपर्यंत पोचायला बहुतेक वेळा नाही. मॅथियास की आग्ना, किंवा पारनारामधली गंगा की बादा, हे निर्विवाद ठरवायचं असेल आणि फोटो अपुरा असेल तर हो, नमुना लागतो. पोटाचा भाग काढून १० टक्के पोटॅश द्रावणात रात्रभर ठेवतात, मांस विरघळतं, कठीण अवयव उरतात. ते सूक्ष्मदर्शकाखाली साफ करून ग्लिसरीनच्या छोट्या कुपीत नमुन्याच्याच टाचणीला अडकवतात. एक पाय आधीच काढून शुद्ध अल्कोहोलमध्ये ठेवला की डीएनएचीही सोय झाली. फॉर्मॅलिनमध्ये ठेवलात तर ती गेली. ही कामं महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, माहितगार माणसाच्या हाताखाली. शाळेत नको. आणि नवेगाव-नागझिरासारख्या संरक्षित जंगलात वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय जाळी उघडायचीसुद्धा नाही.

उष्ण प्रदेशातल्या स्किपरच्या अभ्यासाला खरं वळण लागलं ते मात्र अळ्या पाळण्यातून. कोस्टारिकाच्या गुआनाकास्ते जंगलात डॅन जॅन्झन आणि विनी हॉलवॉक्स यांनी स्थानिक माणसांना हाताशी धरून वर्षानुवर्षं अळ्या वाढवल्या. कोणती अळी, कोणत्या झाडावर, त्यातून कोणतं फुलपाखरू, प्रत्येकीला क्रमांक. तिथे अ‍ॅस्ट्राप्टीस फुल्गेरेटर नावाची एक निळसर चमकणारी जात १८ व्या शतकापासून माहीत होती, सगळीकडे आढळणारी म्हणून प्रसिद्ध. पाळलेल्या अळ्या पाहिल्या तर रंग निरनिराळे आणि झाडंही निरनिराळी. फुलपाखरं जवळजवळ सारखी. २००४ मध्ये पॉल हिबर्ट, जॉन बर्न्स आणि इतरांनी डीएनए बारकोड, म्हणजे सीओआय या एका जनुकाचा सुमारे ६५० अक्षरांचा तुकडा, वापरून ही एक नसून दहा जाती आहेत असं मांडलं. दोन वर्षांनी अँड्र्यू ब्रॉवर यांनी तीच माहिती पुन्हा चाळली आणि दहाला आधार पुरेसा नाही, तीनपेक्षा कमी नाहीत पण सातपेक्षा जास्त म्हणता येणार नाहीत, असा आक्षेप घेतला.

या वादात माझा कल असा : बारकोड हा चांगला इशारा आहे, निकाल नव्हे. एका जनुकावरून जात ठरवायला मी तयार नाही. पण झाड वेगळं, अळीचा चेहरा वेगळा आणि बारकोडही वेगळा, असं तीन बाजूंनी आलं तर मान्य करायलाच हवं. आणि या तिन्हींतल्या पहिल्या दोन गोष्टींना प्रयोगशाळा लागत नाही. लागतात अळ्या शोधणारी नजर आणि वही. साकोलीच्या शाळेत दोन्हींची वानवा नसावी.

म्हणून मुलांना फुलपाखरांमागे पळवू नका, पानं बघायला लावा. चपळ कुळातली जवळपास प्रत्येक अळी पानाचं घर करून राहते. पान दुमडते, दोन पानं जोडते किंवा कड कापून झडप करते, आणि रेशमाचे टाके घालते. धानात शोधताना एक काळजी घ्या. शेतकरी ज्याला पानं गुंडाळणारी अळी म्हणतो ती बहुधा एका पतंगाची असते. बारीक, पिवळसर हिरवी, डिवचली की वळवळत मागे सरकते. ती पानाचा हिरवा थर खरवडते, म्हणून पातीवर पांढरे पट्टे पडतात. स्किपरची अळी जाड, मधे फुगीर, डोकं मोठं आणि त्यामागे मान आवळल्यासारखी बारीक. ती पान कडेकडून खात मधल्या शिरेपर्यंत येते आणि डिवचली तरी संथ. मॅथियासच्या अळीच्या चेहऱ्याच्या दोन्ही कडांना तांबूस पट्टा असतो, म्हणून अळीचा समोरून चेहरा टिपायला मुलांना शिकवा. धानाचं तिच्यामुळे नुकसान क्वचितच होतं. फवारणीच्या गप्पा सुरू झाल्या तर एवढं गावात जरूर सांगा.

घराशेजारी हळद असेल तर काम आणखी सोपं. वर्ध्याकडच्या वायगाव हळदीला भौगोलिक मानांकन आहे, पण परसातली चार रोपंही पुरतात. ग्रास डीमन, उडास्पेस फोलस, हळदीच्या पानाची कड दुमडून राहतं. पावसाळ्याच्या उत्तरार्धात पान उजेडाकडे धरलं की आत काळ्या डोक्याची फिकट हिरवी अळी सावलीसारखी दिसते. तिला पानासकट मोठ्या डब्यात ठेवा, तळाशी टिपकागद, वर जाळीचं कापड. रोज ताजं पान, रोज लेंड्या साफ. लेंड्या डब्याच्या भिंतीवर उंच चिकटलेल्या दिसतील, मुलं हमखास विचारतील. या अळ्यांच्या शेपटाकडे कंगव्यासारखा अवयव असतो, त्याच्या जोरावर त्या विष्ठा उडवतात. अमेरिकेतल्या एका स्किपरवर मार्था वाइस यांनी २००३ मध्ये दाखवलं की अळी विष्ठा दीड मीटरपर्यंत फेकते, आणि विष्ठा घरापाशी राहिली तर तिच्या वासानं गांधीलमाशी अळीला शोधून काढते.

शेवटची कात टाकल्यावर काही गवतवाल्या अळ्यांच्या पोटाखाली पांढरी मेणकट पूड दिसते. ती रोग नाही, कोषाच्या घराला आतून लावायचं अस्तर आहे. मुलं घाबरून अळी फेकतात, तेवढं सांभाळा. हळदीवरचा कोष हातात घेतला तर सोंडेची नळी पोटाच्याही पुढे आलेली दिसते. आणि अळीतून फुलपाखराऐवजी पांढऱ्या बारीक कोषांचा झुबका निघाला तर हिरमुसू नका. त्या परजीवी गांधीलमाश्या. कोणत्या अळीतून कोणती माशी, याची नोंद फुलपाखराच्या नोंदीपेक्षाही दुर्मीळ. त्या छोट्या बाटलीत अल्कोहोलमध्ये ठेवा, चिठ्ठी आतच टाका, पेन्सिलनं लिहिलेली. पेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते.

वहीत काय लिहायचं? गाव, तारीख, झाड, पानाची कोणती बाजू, घर कसं केलेलं, चेहरा कसा, कोष कधी, बाहेर काय आलं. झाडाचं गावातलं नाव लिहायला लाजू नका, पण सोबत फांदीचा फोटो हवा. एकच नाव दोन तालुक्यांत दोन झाडांना असतं.

आता जुन्या यादीचा मुद्दा. नागपूरच्या अजबबंगल्याचे, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालयाचे, डी’अब्रू यांनी १९३१ मध्ये मध्य प्रांताची फुलपाखरांची यादी छापली, १७७ जातींची. त्यानंतर विदर्भापुरती पाहायची तर आशिष टिपले यांची २०११ ची यादी, १६७ जातींची. हे दोन आकडे समोरासमोर ठेवून ‘दहा जाती नाहीशा झाल्या’ असा मथळा कोणी दिला तर विश्वास ठेवू नका. मध्य प्रांतात आजचा विदर्भच नव्हे, शेजारच्या राज्यांतला मोठा मुलूखही येत होता. शिवाय जुन्या लिखाणात मॅथियास हीच जात चाप्रा मॅथियास, पारनारा मॅथियास अशा नावांखाली सापडते. जुळवताना नावाचा दुसरा शब्द धरून चाला, पहिला बदलत राहतो. नावापुढचा कंसही वाचायचा असतो. फॅब्रिसियसनं १७९८ मध्ये तरंगंबाडीच्या नमुन्यावरून ही जात वर्णिली ती हेस्पेरिया या प्रजातीत. आज ती पेलोपिडासमध्ये असल्यानं त्याचं नाव आणि साल कंसात छापतात. कंस नसेल तर जात पहिल्यापासून त्याच प्रजातीत आहे. राइस स्विफ्टला नाव देणारा वॉलेस, १८६६, तोही कंसात. हा वॉलेस म्हणजे डार्विनबरोबर निसर्गनिवड मांडणारा अल्फ्रेड रसेल वॉलेसच.

तुमच्या त्या फोटोचं काय करायचं? फेकू नका. तारीख, गाव आणि ‘धानाच्या धुऱ्यावर’ एवढं लिहून ठेवा. पुढच्या रोवणीनंतर त्याच बांधीतल्या अळ्या पाळा, चेहरे टिपा, निघालेल्या फुलपाखराला सोडण्याआधी थंड डब्यात पाच मिनिटं ठेवलं की ते पंख उघडून शांत बसेल, तेवढ्यात वरून आणि खालून फोटो. नर असेल तर गंधरेघ आणि सेलचे दोन ठिपके एकाच चौकटीत आले पाहिजेत. ते मला पाठवा, मॅथियास की आग्ना मी सांगतो. पारनारा निघालं तर मात्र गंगाच्या पुढे प्रश्नचिन्ह टाकून ठेवा.